शिलाईसाठी तीन

फोन कंपनीच्या अझलानने शिडी भिंतीला टेकवली आणि टेलिफोनची जुनी काळी तार पकडीत धरली, तोच खालून म्हाताऱ्या सेंग किआतने हात वर केला.

"थांब जरा. ती कापलीस की जुना फोन बंदच?"

"बंद, अंकल. आता नवी लाइन आहे ना. थेट केंद्रातून निघते ती तुमच्याच दुकानात येते. संध्याकाळी गल्लीतली पोरं सिनेमे बघत बसली तरी तुमचं इंटरनेट रांगणार नाही. मध्ये कुणाचा वाटा नाही."

"कुणाचाच नाही?"

"त्याचेच तर पैसे भरलेत तुमच्या पुतण्याने."

पंपांच्या सुट्या भागांचं हे तैपिंगमधलं दुकान आता क्वालालंपूरला बसून पुतण्या चालवत होता. ऑर्डरी पडद्यावर यायच्या, सेंग किआत माल काढून खोक्यात भरायचा. दिवसभरात त्याला एक शब्द बोलायची वेळ येत नसे, आणि ते त्याच्या मनाला फार लागत असे.

"शेजारच्या शिलाईवालीचे फोन इथेच येतात," तो म्हणाला. "आला की मी पान्याने भिंत ठोकतो. मग ती येते."

"आजकाल मोबाइल नाही त्यांच्याकडे?"

"रोहायाकडे? तिला जमत नाही ते. तिची गिऱ्हाईकंही लाजरी. फोन उचलला की पलीकडून आवाजच नाही. आवाज नाही म्हणजे तिचा फोन, हे मला आता पाठ झालंय. ती येईपर्यंत ते ठेवूनही देतात. मग परत येईल म्हणून थांबते बिचारी. तेवढ्यात कॉफी होते."

"अंकल, लाइनमध्ये दोष असणार."

"दोष नाही," सेंग किआत जरा तुटकपणेच म्हणाला.

नव्या फोनवर आधी यंत्र बोलणार होतं. मालासाठी एक दाबा, तो इथे वाजेल. हिशेबासाठी दोन, तो पुतण्याकडे. न बोलणाऱ्या माणसाने काय दाबायचं, या विचाराने म्हातारा सकाळपासून खोक्यांवरचे पत्ते चुकवत होता.

"तीन ठेवता येईल?" त्याने विचारलं.

"येईल. वाजवू कुठे?"

"इथेच. पण वेगळा वाजू दे."

अझलानला हसू आलं, पण त्याने तीनचा आकडा ठेवून दिला. पुतण्याने लिहून पाठवलेल्या वाक्यांपुढे सेंग किआतने खाकरून आपल्या आवाजात एक वाक्य भरलं, "शिलाईसाठी तीन दाबा." मग पाना उचलून भिंत दोनदा ठोकली.

पलीकडलं मशीन थांबलं. रोहाया गळ्यात माप-फीत अडकवूनच आली.

"काय तावके शेठ, तुमचा फोन आता स्वतःच बोलणार म्हणे. मग आम्ही गरिबांनी कुठे जायचं?"

"तीनवर."

"तीनवर?"

"शिलाईसाठी तीन. तुझ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेव."

रोहाया फितीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सांगते," म्हणाली आणि लगेच वळली. कॉफी विचारायची राहूनच गेली.

अझलानने जुनी तार कापली, तिचं वेटोळं केलं आणि समोरच्या खांबावरची पेटी बंद करायला चढला. तिथून दोन्ही दुकानं दिसत होती. सेंग किआत गल्ल्यापाशी नुसता बसला होता. फोन नवा, चकचकीत, गप्प.

पलीकडे रोहायाने कापडाच्या ढिगाखालून मोबाइल काढला. सराईत अंगठ्याने नंबर लावला, कानाला धरला, यंत्राचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकदाच बोट टेकवलं.

पंपांच्या दुकानात फोन वेगळ्या सुरात वाजला. सेंग किआतने तो उचलला नाही. त्याने पाना घेतला आणि भिंत दोनदा ठोकली.

रोहायाने मोबाइल बंद करून पुन्हा कापडाखाली सरकवला आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. ती उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत सेंग किआतने दुसरा कप पुसायला घेतला होता.