दोन बोटं जास्त

दोष नानांचा. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ‘अहो, वयस्कर माणूस आहे, हेतू चांगला होता’ असं सुरू करायला नको. हेतू चांगलाच होता. मला तीन इंच उंच करायचं होतं, मी झाले सहा इंच, आणि त्या वरच्या तीन इंचांत एका पोरीचं अख्खं वर्ष गेलं. मी त्याच घरची जीप. एकदा सुरू झाले की लवकर बंद होत नाही, डिझेलवर चालते.

कारखान्यात मला जोडून तेहेतीस वर्षं झाली. पहिली बारा वर्षं मी मोजणी खात्यात होते. तिथले साहेब नकाशा उलटा धरायचे, रस्ता चुकला की शिव्या मला घालायचे. मग एक दिवस माझा लिलाव निघाला. त्या दिवशी नाना त्या ऑफिसात होते ते जीप घ्यायला नाही. नाना शिंपी. एका कारकुनाच्या सफारीचं माप घ्यायला आले होते. बाहीचं माप घेताना कारकून हात नीट उचलेना, म्हणून नानांनी स्वतःचा हात वर करून दाखवला, ‘असा’. लिलाव पुकारणाऱ्याने तो हात बोलीत धरला. नानांना चूक कळली तेव्हाच सांगता आलं असतं. पण चारचौघांत ‘चुकलो’ म्हणायचं म्हणजे नानांच्या जिवावर येतं. त्यापेक्षा त्यांनी जीप घेतली.

गाडी चालवायला ते हळूहळू शिकले, पण मन रमलं ते शेजारच्या सीटवर. त्यांची पोरगी चालवायला लागल्यापासून तर ती सीट त्यांचीच. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून त्यांनी तिला अभ्रा शिवला, पाठीला उशी केली. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी धरणापर्यंत जायचं, पाणी बघत शेंगा खायच्या, टरफलं माझ्या पायदानावर टाकायची आणि परत यायचं. एवढी एकच चैन त्या माणसाला. दारू नाही, पत्ते नाहीत, मित्रही बेताचेच.

पोरीला घरात चिमणी म्हणतात. उंची पावणेसहा फूट. नाव ठेवणाऱ्याने माप न घेताच ठेवलं. वय एकवीस. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं, कारण मास्तर फळ्यावर इंजिन काढायचे आणि तिला ते उघडायचं होतं. घरात त्यावर महिनाभर रणकंदन झालं. ‘शिकली असती तर’ हे तीन शब्द नाना अजूनही मिठासारखे प्रत्येक गोष्टीत टाकतात. कॉलेजात काय शिकवतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिने सोडलं, एवढंच त्यांना माहीत.

मग ते काम निघालं. गावाबाहेरच्या डोंगरावर हवामान केंद्र आहे. आठवड्यातून दोनदा तिथे माणसं, सामान आणि बॅटऱ्या न्यायच्या. करार वर्षाचा. चिमणीला ते काम हवं होतं. मिळालं नाही तर नानांच्या दुकानात काजं-बटणं करायला बसायचं, असं ठरलं होतं. ठरवलं नानांनी. ती मान हलवून बाहेर आली आणि तिने माझं बॉनेट उघडलं.

अट एकच होती, पण चिवट. डोंगराच्या वाटेवर, दोन चाकोऱ्यांच्या मधोमध एक खडक आहे. सगळे त्याला कासव म्हणतात. मागे एका गाडीचं पोट त्यावर फाटलं आणि तेल खालच्या झऱ्यात उतरलं. तेव्हापासून केंद्राच्या मॅडम कासवाच्या पाठीवर खडू घासून ठेवतात. गाडी वरून न्यायची. खाली पांढरं लागलं की काम नाही.

चिमणी दोन दिवस माझ्याखाली पाठीवर पडून होती. पट्टी, बॅटरी आणि एक वही. माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा आहे, इंजिनाची ताकद तो चाकांना वाटून देतो. माझ्या पोटातला सर्वांत खालचा अवयव तोच. कासवाला लागणार होता तो. आता ऐका, कारण नानांना हे चार वेळा सांगूनही कळलं नाही. पाट्यांना, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांना, जास्त कमान दिली की गाडी उंच होते, पण गोळा होता तिथेच राहतो, तो चाकांच्या आसावरच असतो. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे हवेत. मोठे टायर मडगार्डला घासतात. ते घासू नयेत म्हणून गाडी तीन इंच उचलायची. म्हणजे खरं काम टायरचं. पाटे फक्त त्यांना जागा करून देणार.

हाताशी पैसे थोडे होते, म्हणून तिने बेत काटेकोर केला. नवे पाटे घ्यायचे नाहीत, आहेत त्यांनाच कमान देऊन भंगारातल्या ट्रकचा एकेक पाटा जोडायचा. धक्के खाणारे शॉकअप भंगारातून, पण तीन इंचांना पुरतील एवढेच लांब. ब्रेकचा पाइप मात्र नवा, ‘ब्रेक भंगारातला नको’ असं तिने वहीत दोनदा लिहिलं होतं. उरलेलं सगळं टायरना. इतकं सरळ नियोजन मी मोजणी खात्यात बारा वर्षांत पाहिलं नव्हतं.

आणि इथे नाना मध्ये पडले.

पाटेवाल्या मिस्त्रींचं दुकान नानांच्या दुकानाला लागून. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, म्हणजे तीस वर्षं एकमेकांचा चहा आणि एकमेकांची मतं. नाना म्हणाले, तू भंगारात शॉकअप शोध, जीप मी नेतो. चिमणीने चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर एकच आकडा: तीन. त्याखाली रेघ.

आता शिंप्याची एक रीत असते. कापताना शिवणीत थोडं कापड जास्तीचं सोडायचं, त्याला माया म्हणतात. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं, कापड धुतल्यावर आटतं, पोरं वाढतात, म्हणून माया. नानांची माया पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यांनी शिवलेली पँट थोरल्याने घालावी, मग ती उसवून बापाने घालावी. कुणाचंही खरं माप त्यांनी आजवर कापडावर उतरवलेलं नाही. वर विचारतही नाहीत. कशाला विचारायचं, त्यांना कळतं ना सगळं.

मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली. नाना म्हणाले, “तीन लिहिलंय. तू पाच धर. दोन बोटं माया असू दे.”

मिस्त्री म्हणाले, पाटे पहिल्या महिन्यात बसतातच, आपलाही एक इंच असतो. आणि त्यांनी सहा धरले. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंबलले असते. माझ्याकडे हॉर्न होता, पण तो वाजवायला माणूस लागतो.

संध्याकाळी चिमणी आली. दोन्ही काखांत शॉकअप, खूश होती. दुकानाच्या फाटकातच थांबली.

“हे तीन नाहीत.”

“तीनच आहेत,” नाना म्हणाले. “थोडी माया धरलीय.”

“किती?”

“दोन बोटं.”

“आणि एक माझं,” मिस्त्री हळूच म्हणाले. “बसतात गं पाटे.”

चिमणीने शॉकअप जमिनीवर ठेवले. “नाना, लोखंड धुतल्यावर आटत नाही.”

नाना चिडले. उंच झाली तर बिघडलं काय, कमी झाली असती तर रडली असतीस, वगैरे. मोठी माणसं चुकली की आवाज चढवतात, आणि बरोबर असली की अजून चढवतात. पाटे परत सपाट करायला मिस्त्रींना आठ दिवस हवे होते. कासवावरची परीक्षा पाचव्या दिवशी. नाना म्हणाले, “आता कापून झालंय. मापात बसवायचं.”

मापात बसवता बसवता टायर गेले. तिने आणलेले शॉकअप आखूड पडले, लांबचे घ्यावे लागले. ब्रेकचा नवा पाइप ताणून तार झाला, तोही बदलला. इंजिनापासून मागच्या गोळ्याकडे जाणारा दांडा सांध्यातून निसटायला आला होता, तो वाढवून घेतला. या सगळ्यात टायरसाठी ठेवलेलं सरलं. मी जुन्याच टायरांवर उभी राहिले, करकोच्यासारखी. पाय लांब, अंग वर आणि गोळा पहिल्या दिवशी होता तिथेच.

“टायर काय,” नाना म्हणाले, “गोल आहेत ना?”

परीक्षेच्या सकाळी नाना तयार. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेप. माझं दार उघडलं आणि थबकले. पायदान त्यांच्या मांडीला लागत होतं. नाना बुटके, त्यात उजवा गुडघा धरलेला. त्यांनी दुकानातलं स्टूल आणलं, एक पाय वर टाकला आणि मागे टर्रकन आवाज झाला. साऱ्या गावाच्या कपड्यांत माया ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पँटीत सुताएवढीही ठेवली नव्हती. चिमणी पलीकडे बघत राहिली. हसली असेल, मला आरशात नीट दिसलं नाही. नाना तसेच बसले. उतरायचं नाव काढणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

कासवाजवळ मॅडम वाट बघत होत्या. ठेंगण्या, रबरी बूट, हातात खडू. चिमणीने मला असं नेलं की मलाच माझा अभिमान वाटला. डावं चाक चाकोरीच्या काठावर, उजवं बरोब्बर त्याच्या जोडीला, क्लच अर्ध्यावर. शेवटी मागून एक बारीक खरखर आली. कुणाला ऐकू आली नसेल. चिमणीला आली, तिचा हात स्टिअरिंगवर आवळला.

मॅडम पोत्यावर आडव्या झाल्या, खाली बॅटरी मारली, उठल्या. एका बोटावर पांढरं होतं.

“पोट स्वच्छ आहे. गोळ्याला लागलंय.”

नानांनी सीटवरूनच टेप बाहेर काढला. “किती लागलंय? एवढं चालतं हो.”

“माझ्याकडे नाही चालत,” मॅडम म्हणाल्या, पण आवाज मऊ ठेवून. चिमणीला त्यांनी बाजूला नेलं. काय सांगत होत्या ते मला दुरून कळलं नाही, पण बोटाने त्या माझे टायर दाखवत होत्या. म्हणजे त्यांनाही एका नजरेत दिसलं होतं.

उसवलेले नाना खाली उतरू शकत नव्हते. चाळा म्हणून त्यांनी माझा समोरचा कप्पा उघडला. आत चिमणीची वही होती. नानांनी ती उघडली, बहुधा तिची चूक शोधायला. पाटे, शॉकअप, टायर, सगळी पानं उलटली. मग एका पानावर थांबले. ते पान मला पाठ आहे, ती माझ्याच बॉनेटवर टेकून लिहीत होती:

‘पायदान आत्ता साडेसोळा. टायरचे दीड, पाट्यांचे तीन, एकूण एकवीस. नाना एकवीसवर पाय टाकू शकतात, दुकानाच्या ओट्यावर पाहिलं. म्हणून तीनच. चार नको.’

नानांनी ते दोनदा वाचलं. ओठ हलत होते त्यांचे. वही बंद करून जिथे होती तिथे, त्याच कोनात ठेवली. चिमणी परत आली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. उतरण पाऊण तासाची. मला वाटलं, आता तरी म्हणतील, ‘चुकलो’. म्हणाले, “ती मॅडम जरा शिष्टच आहे.”

काम दुसऱ्याला गेलं. माझ्यापेक्षा ठेंगणी गाडी होती त्याची, पण टायर मोठे. चिमणी काजं-बटणांना बसली नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः घरी आले, म्हणाले, त्यात एक इंच माझा होता, ये माझ्याकडे कामाला. तो एक म्हातारा तेवढा मी माफ केलाय. वर्षभर तिने घण मारला, पाट्यांना कमान द्यायला शिकली. हाताला घट्टे पडले. पहिल्या पगारातून नाही, सातव्या पगारानंतर टायर आले. या वर्षी मॅडम पोत्यावरून उठल्या तेव्हा दहाही बोटं स्वच्छ होती.

आता मी आठवड्यातून दोनदा डोंगरावर जाते. कासवावरून जाताना उगाच हॉर्न मारायची चिमणीला सवय लागलीय, मलाही ती आवडते. अंगाला गंज आहे, डावा दिवा तिरळा आहे, पण प्रकृती ठणठणीत.

टायर बसवले त्या दिवशी चिमणी नानांना म्हणाली होती, “उतरवू का पाटे? आता मला येतं ते. तीनवर आणते.”

नाना कापड कापत होते. कात्री न थांबवता म्हणाले, “राहू दे. चाललंय ना तुझं नीट.”

त्यांना चोवीस तासांत हो म्हणता आलं असतं, आठ दिवसांत आलं असतं, अजूनही येईल. म्हणत नाहीत. ती लावून देईन म्हणाली ती जादा पायरीही त्यांना नको, शोभत नाही म्हणे. तुमच्या घरातलं कुणी पोर तीन म्हणालं तर कृपा करून तीनच ऐका. तो आकडा कुठून आला ते त्याला माहीत असतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी धरणावर जातो. नाना कोपऱ्यापर्यंत चालत येतात, माझ्या दारावरची धूळ बाहीने पुसतात आणि दुकानात परत जातात. सीटवरचा अभ्रा त्यांनी मध्यंतरी नवा शिवला. त्यावर शेंगांची पिशवी असते.

साडेसोळाचं पायदान आता चोवीसवर आहे. नाना चौदा महिन्यांत माझ्यात बसलेले नाहीत.