करड्या पट्टीचं मागे-पुढे

मी आकड्यांची एक ओळ बोलतेय. हसू नका. पोहण्याच्या तलावाच्या कचेरीत जो संगणक आहे, त्यातल्या एका चार्टमध्ये राहते मी. राहते कसली, एका जागी टेकूच देत नाहीत मला!

दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तलावाच्या काठावरचे काका पाण्यात उतरलेली डोकी मोजतात. सकाळच्या तासाला गुडघे गेलेले, कंबर धरलेले, डॉक्टरांनी 'पाण्यात चाला' म्हणून पिटाळलेले लोक येतात. कधी चाळीस, कधी एकेचाळीस. काका फोनवर आकडा सांगतात, कचेरीतली ताई तो चौकोनात भरते. असे बारा चौकोन भरले आणि मी जन्मले. नाव 'सकाळचा तास', रंग करडा.

माझ्यासोबत आणखी दोघी आहेत, 'शाळेची मुलं' आणि 'संध्याकाळचे सभासद'. उन्हाळ्यात संध्याकाळ तीनशेवर जाते, नुसता डोंगर! आमचा चार्ट रंग भरलेल्या पट्ट्यांचा, एकीच्या पुढे एक उभी. आमच्या नावांच्या यादीत जी शेवटी, ती चित्रात सगळ्यांत पुढे. ताईनं मला शेवटी ठेवलं होतं. मी बुटकी, पुढे उभी राहिले तरी कुणाला झाकत नाही.

कचेरीच्या साहेबांना ते खपलं नाही. "ताई, हे करडं कशाला पुढे? संध्याकाळ पुढे घ्या. सकाळचा तास बंद करा म्हणून उद्या समितीला सांगायचंय, आणि तुम्ही त्यालाच मिरवताय?"

"पण साहेब, मग सकाळ दिसणारच नाही."

"नाही दिसली तर कुणाचं काय बिघडतं?"

ताईचं बिघडत होतं. जिनं तिला लहानाचं मोठं केलं, ती मावशी त्या चाळिसांत आहे. या पाण्याच्या जिवावर ती अजून जिना चढते. पण हुकूम साहेबांचा. यादीजवळ दोन बाण असतात, एक वर नेणारा, एक खाली. तिनं मला एक पायरी वर ढकललं आणि मी संध्याकाळच्या मागे गडप! असा राग आला म्हणून सांगू, साहेबांपेक्षा तिचाच जास्त.

थंडीच्या तीन महिन्यांत मात्र त्या दोघी विसाच्याही खाली येतात. तेवढ्या भागात माझं डोकं वर राहिलं. साहेबांचं काही तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार्ट प्रोजेक्टरवरून भिंतीवर झळकला. समितीच्या अध्यक्षबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "हे शेवटी करडं काय डोकावतंय?"

"काही नाही हो, किरकोळ आहे," साहेब म्हणाले.

"किरकोळ, मग सगळ्यांच्या वर कसं?"

साहेब पाणी प्यायला लागले. ताईनं यादी उघडली. घाईत बाण दोनदा हुकला. मग तिनं मला खाली आणलं, आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पुढे आले.

"बाराही महिने?" बाईंनी विचारलं.

"हो. बाकीचे घरी बसतात तेव्हाही. माझी मावशी आहे त्यात," ताई बोलून गेली आणि तिला रडूच फुटलं.

समितीनं एक वर्ष दिलं. पुढची थंडी संपेपर्यंत चाळिसाच्या खाली एकदा जरी गेले, तरी तास बंद.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. कुणाला साधी शिंक आली तरी धस्स होतं. आज थंडीतला शेवटचा सोमवार. माझा चौकोन रिकामा, आणि मावशी आठ दिवस तापानं झोपून. ताई फोनसमोर नखं खात बसलेली.

फोन वाजला. "एकोणचाळीस आहेत," काका म्हणाले.

ताई खुर्चीतच खचली.

"अगं, ऐक तरी. तुझी मावशी आलीय. शाल पांघरून काठावर बसलीय, पाय तेवढे पाण्यात. म्हणते, मला मोजल्याशिवाय उठणार नाही. काय करू?"

ताई रडता रडता हसायला लागली. "पाय पाण्यात आहेत ना? मोजा, काका. आणि घरी पाठवा तिला आधी!"

तिनं चौकोनात चाळीस लिहिले. हुश्श! आता मला मागे ढकलायला कुणाचं बोट त्या बाणाकडे गेलंच, तर एवढं करा हो. आधी काठावर जाऊन त्या मावशीचे पाय बघून या.