एका क्लिकवर उघडणारा फोल्डर

मी एक जुना फोल्डर आहे, आणि माउसचा बाण जवळ आला की माझ्या मनात पाल चुकचुकते. मित्रांनो, हा संशयी स्वभाव मला जन्मापासूनचा नाही. तो मला एका आठवड्याने दिला.

माझा जन्म पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर झाला. तिथल्या तपासनीस काकांनी मला तयार केले आणि ‘विहिरी आणि टाक्या’ असे नाव दिले. काकांच्या बोटांचे सांधे आखडलेले होते. दोनदा चटकन क्लिक करणे त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी सेटिंग बदलून ठेवली. एकदा क्लिक केले की मी उघडायचो. मग ते कीबोर्डकडे पाहत नमुन्याचा क्रमांक टाइप करायचे, एंटर दाबायचे, आणि नेमका तोच अहवाल समोर यायचा. अकरा वर्षे असेच चालले. “काकांचा फोल्डर आणि काकांचा शब्द, दोन्ही पक्के,” असे सगळे म्हणत.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या. हुशार आणि फार नीटनेटक्या. एका दुपारी त्यांनी फोल्डर उघडण्याची सेटिंग मूळपदावर आणली. आता दोनदा क्लिक हवे. काका तेव्हा नमुने आणायला गेले होते. त्यांना सांगायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी मी हरवलो. म्हणजे संगणकातच होतो, पण माझे नाव ‘४१७’ झाले होते आणि यादीत नवव्या ओळीवरून मी पहिल्या ओळीत जाऊन बसलो होतो. मॅडमनी मला शोधून नाव सुधारले. दोन दिवसांनी मी ‘४२३’ झालो, मग ‘४३१’. माझा संशय मॅडमवर होता, कारण त्या येण्यापूर्वी असे कधी घडले नव्हते. मॅडमचा संशय काकांवर होता, कारण तिन्ही वेळा खुर्चीत तेच होते.

तिसऱ्या वेळी मी सापडलो तेव्हा संध्याकाळ झाली होती.

“काका, काय लपवताय?” मॅडम म्हणाल्या. “शाळेच्या टाकीचं पाणी खराब आहे. अहवाल आज जायला हवा होता. आता शाळाही बंद झाली.”

“अहो, मला बायकोपासून गुडघ्याचं दुखणं लपवता येत नाही, अहवाल काय लपवणार?”

“मग नाव काय भुताने बदललं?”

“भूत असतं तर बरं झालं असतं. निदान तुम्ही माझ्याकडे असं बघितलं नसतं.”

काकांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. मॅडमनी त्यांना कामावरून काढण्याची शिफारस करणारे पत्र लिहिले आणि ठेवले ते माझ्याच पोटात. काकांवरचा आरोप रात्रभर मी सांभाळला.

सकाळी शाळेचा अहवाल रवाना झाला. पत्र पाठवण्याआधी मॅडम चोर रंगेहाथ पकडायला काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. “उघडा बघू.”

काकांनी क्लिक केले. मी उघडलो नाही. त्यांनी सावकाश पुन्हा क्लिक केले. दोन क्लिकमध्ये इतके अंतर पडले की संगणकाला वाटले, यांना नाव बदलायचे आहे. माझे नाव निळे झाले. काकांचे डोळे मात्र कीबोर्डवर होते. त्यांनी ४३८ टाइप केले आणि एंटर दाबले.

माझे नाव ‘४३८’ झालेले मॅडमनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग म्हणाल्या, “काका, हे भूत मीच आणलंय. आधी एका क्लिकवर उघडत होतं ना?”

“अकरा वर्षं.”

“मला सांगायचं तरी!”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मॅडमनी ते पत्र पुसून टाकले आणि सेटिंग पुन्हा काकांसारखी केली. पण शाळेतल्या मुलांनी जास्तीचा एक दिवस ते पाणी प्यायले, तो दिवस कुणालाच पुसता आला नाही.

काका आता निवृत्त झाले आहेत. तरी मी एका क्लिकवरच उघडतो. सवय मॅडमनी स्वतःची बदलली.

मित्रांनो, दुसऱ्याच्या रोजच्या वस्तूची रीत बदलण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि कुणावर संशय आलाच, तर पत्र लिहिण्याआधी त्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याची बोटे पाहा.