बिनगाडीचं स्टिअरिंग

मी स्टिअरिंग आहे, पण माझ्यामागे गाडी शोधू नका. इंजिन नाही, चाकं नाहीत, पेट्रोल तर नाहीच. टेबलाच्या कडेला मला दोन शिकंज्यांनी आवळलंय, खाली दोन पेडल आणि समोर कॉम्प्युटरचा पडदा. लोक मला गेमचं स्टिअरिंग म्हणतात. म्हणू देत. माझ्यावर एका माणसाचा जीव कसा टांगला होता, ते मला ठाऊक आहे.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. माझ्या पोटात एक मोटर बसवली, वरून काळं चामडं शिवलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट रायपूरला, पंडरी बाजारातल्या एका दुकानात. मालक भार्गव. त्याने मला दाखवायच्या टेबलावर लावलं. माझ्या डावीकडे एक हलकंफुलकं स्टिअरिंग होतं, त्याच्या पोटात नुसती स्प्रिंग. ते कसंही फिरवा, गुमान मधे येऊन उभं राहायचं. मी तसा नाही. पडद्यावरची गाडी खड्ड्यात गेली की मी हाताला हिसका देतो. रस्त्याची कड लागली की थरथरतो. हा माझा गुण समजा नाहीतर खोड समजा.

एका दुपारी क्षमा वडिलांना घेऊन आली. रत्नाकरराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. सहा महिन्यांपूर्वी त्यांना पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात मात्र मागेच राहिला. हात हलायचा, पण त्यातली जाणीव गेली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, हाताला काहीतरी धरायला द्या, त्यांना आवडेल असं. आणि या माणसाला आयुष्यात गाडी चालवण्याइतकं दुसरं काही आवडलं नव्हतं.

क्षमाने आधी शेजारच्या हलक्याला हात घातला. "बाबा, हे घ्या नं. हाताले त्रास नाही होणार."

रत्नाकररावांनी ते एकदा फिरवलं आणि सोडलं. "हे तर जत्रेतलं खेळणं आहे. याच्यात जान कुठं आहे?"

मग माझ्यापुढे बसले. पडद्यावर गाडी निघाली, पहिल्याच वळणाला कड लागली आणि मी हिसका दिला. त्यांनी उजव्या हाताने मला असं काही आवळलं की माझं चामडं करकरलं. चेहरा उजळला त्यांचा. "हे पायजे मले," म्हणाले.

भार्गवने माझ्या कपाळावरचं बटण दाखवलं. "दीदी, इस नॉब से झटका कम-ज्यादा होता है." क्षमाने ते तिथल्या तिथे पार खाली फिरवलं. वडिलांना दमवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पण माझी तर वाचाच बसली हो! मी आणि तो शेजारचा स्प्रिंगवाला, दोघं सारखेच झालो.

तेलीबांध्याला, त्यांच्या फ्लॅटमध्ये माझा संसार सुरू झाला. रत्नाकरराव रोज माझ्यापुढे बसायचे ते बूट घालून. नसलेला आरसा नीट करायचे. समोर कोणी आलं की हॉर्न.

"हॉर्न काय वाजवून राहिले," त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "समोर भिंत आहे."

"भिंतीले तरी कळू दे कोणी येऊन राहिलं ते," रत्नाकरराव म्हणायचे.

घरात हसू आलं होतं. त्याआधी हा माणूस महिनोन्‌महिने गॅलरीत बसून खाली झाकून ठेवलेल्या गाडीकडे पाहत असे, असं मंदाकिनीबाई शेजारणीला सांगत होत्या. गाडीची चाबी बाईंनी तांदळाच्या डब्यात लपवली होती.

आता मला जे ठाऊक होतं आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, ते सांगतो. रत्नाकरराव बसले की उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्यावर ठेवायचे. बोटं वळवायचे. मग नजर पडद्यावर. तो डावा हात माझ्यावर नुसता पडलेला असायचा, दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा. मला हाताची पकड कळते, माझा जन्मच त्यासाठी. त्या हाताची पकड नव्हतीच. एखाद्या वळणावर तो हळूच घसरून मांडीवर जायचा आणि त्यांना पत्ताही नसायचा. एकट्या उजव्या हाताने गाडी सरळ जात राहायची, कारण मी गप्प बसवलेला होतो. हिसका लागेनासा झाला, तो त्यांना आपलाच हात सुधारल्याचा पुरावा वाटला.

क्षमा मागे उभी राहायची आणि पडद्याकडे बघायची. मंदाकिनीबाई पदराला हात पुसत यायच्या आणि पडद्याकडेच बघायच्या. गाडी कुठे ठोकली नाही ना, एवढंच सगळ्यांना हवं असायचं. माझ्याकडे कोण बघतो!

नवरात्र लागलं तसं रत्नाकरराव म्हणाले, "दसऱ्याले अभनपूरले मीच गाडी नेईन. पद्मिनीले सोनं देऊन येऊ." पद्मिनी त्यांची धाकटी बहीण. दरवर्षी दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तिच्या दारात स्वतः गाडी उभी करायची, हा त्यांचा नेम.

"डॉक्टर नाही म्हणाले नं बाबा."

"डॉक्टरनं माझे रिपोर्ट पाहिले. मले चालवताना पाहिलं का? तू पाहून राहिली नं रोज?"

क्षमा म्हणाली, "ठीक आहे. दसऱ्याच्या सकाळी एक पूरा चक्कर, बिना ठोके. झाला तर चाबी तुमची."

मंदाकिनीबाईंनी लेकीकडे पाहिलं. "काहून असं कबूल करतेस?" त्या हळूच म्हणाल्या. क्षमा म्हणाली, "आई, ते पुन्हा गॅलरीत जाऊन बसले तर?" त्यावर बाई पदराला हात पुसत आत गेल्या.

आणि मी? रोज त्यांचा चक्कर साफ व्हायचा आणि रोज मला धडकी भरायची. अभनपूरचा रस्ता मी पाहिलेला नाही, पण रत्नाकररावांच्या तोंडून ऐकलाय. ट्रक, मधेच आडवी येणारी जनावरं, रस्त्याची तुटलेली कड. तिथे शेजारी क्षमा बसणार, मागे मंदाकिनीबाई. आणि तो हात मांडीवर. सांगावं कसं? मला बोलायला एक हिसकाच येतो, तोही काढून घेतलेला.

दसरा उजाडला. मंदाकिनीबाईंनी पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनची पेटी असं सगळं लोखंड मांडलं, खाली जाऊन गाडीला हार घातला. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आई, गेमची पण पूजा?" क्षमा हसली.

"हव. यानं तुझ्या बाबाले हसवलं," बाई म्हणाल्या.

ओल्या फडक्याने त्यांनी मला पुसलं. कसं पुसलं म्हणता? पितळेचा गडू घासावा तसं, बेचक्यांतून बोट घालून. पुसता पुसता कपाळावरचं ते बटण फडक्याखाली गरगर फिरलं, थेट वरपर्यंत. मग त्याच बटणावर हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल. माझी वाचा मला परत मिळाली होती आणि घरात कुणाला कळलं नव्हतं.

रत्नाकरराव नवा कुर्ता घालून बसले. पायात बूट. चाबी पूजेच्या ताटात, आपट्याच्या पानांशेजारी. त्यांनी डावा हात उचलून माझ्यावर ठेवला, बोटं वळवली आणि गाडी काढली.

सरळ रस्ता नीट गेला. पहिलं वळण गेलं. क्षमा पडद्याकडेच बघत होती, मंदाकिनीबाईंचे हात जोडलेले. दुसऱ्या वळणाला समोरून ट्रक आला, रत्नाकररावांनी गाडी किंचित डावीकडे घेतली आणि चाक कडेवरून खाली उतरलं. मी माझं काम केलं. सगळ्या ताकदीने हिसका दिला. डावा हात माझ्यावरून उडाला आणि मांडीवर आदळला. एकट्या उजव्या हाताला मी आवरलो नाही. गाडी फिरली आणि ट्रकवर गेली. पडदा लाल झाला.

क्षमा धावत आली. फूल बाजूला केलं आणि ओरडली, "बाबा, नॉब फुल आहे! पुसताना फिरला असेल. हे मोजायचं नाही. मी कमी करते, फिर से करा."

रत्नाकरराव तिच्याकडे बघत नव्हते. पडद्याकडेही नाही. ते पहिल्यांदाच खाली, मांडीकडे बघत होते. डाव्या हाताची बोटं अजून तशीच वळलेली होती, काहीतरी धरून असल्यासारखी.

"मले वाटलं धरूनच आहे," ते म्हणाले.

क्षमाचा हात माझ्या बटणावर होता. त्यांनी तो हलकेच काढला. "राहू दे. रस्त्यावर कुठं नॉब असते?"

मग ते उठले. ताटातलं आपट्याचं पान घेतलं, त्यावर चाबी ठेवली आणि लेकीपुढे धरली. लेकीला गाडी येत असूनही आजवर त्यांनी आपल्या गाडीच्या चाबीला तिला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. "घे सोनं," म्हणाले. "पद्मिनी वाट पाहून राहिली असेल." क्षमा रडली. मला रडता येत नाही, पण माझी मोटर बराच वेळ गरम होती.

दिवस कलला तरी मी कान लावून बसलो होतो. शेवटी दार उघडलं आणि आधी मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "पूर्ण रस्ताभर हे बसल्या जागी ब्रेक दाबून राहिले होते. बूट घासले." मग कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आज माझ्या कपाळावर कुंकवाचा डाग तसाच आहे आणि बटण वरच आहे. रत्नाकररावांनी ते कुणाला खाली करू दिलं नाही. आता ते पडद्याकडे कमी आणि डाव्या हाताकडे जास्त बघतात. मी हिसका देतो, हात उडतो, ते उचलून पुन्हा ठेवतात. गाड्या रोज ठोकतात. हॉर्नही वाजतो.

तुम्हाला एकच विनंती. आपल्या माणसासाठी माझ्यासारखं काही निवडायला गेलात तर मायेपोटी त्याची वाचा बंद करू नका. हाताला खरं सांगणारं कुणीतरी घरात असू द्या.

काल वळणावर मी नेहमीसारखा हिसका दिला. डावा हात सुटला नाही. पळभरच, पण माझ्या चामड्यावर चार बोटं रुतली. रत्नाकररावांनी गाडी तिथेच थांबवली आणि हाक मारली, "मंदा, इकडे ये. पडद्याकडे नको पाहू. इथं पाहा."