ऑकलंडचं कब्रस्तान

कामरगावच्या शाळेत वर्षाराणी मॅडम सहावीच्या मुलांना पडद्यावर न्यूझीलंड दाखवत होत्या. ऑकलंडचा उंच मनोरा झाला, बंदरावरचा पूल झाला. माओरी लोकांचा नाच पाहून मुलांनीही मांड्या थोपटल्या. तेव्हा शिफा उभी राहिली.

"मॅडम, तिथलं कब्रस्तान दाखवता का? वसीमभाईले तिथंच दफन केलं."

तिचा भाऊ तिथं हॉटेलात स्वयंपाकी होता. गेल्या साली अपघातात गेला. घरच्यांना त्याचं तोंडही पाहता आलं नाही. मॅडमनी कब्रस्तानाचं नाव विचारून इंटरनेटवर जागा शोधली, तोवर शिफा धावत जाऊन शाळेशेजारच्या आपल्या घरून आईला घेऊन आली.

पडद्यावर फाटक, हिरवळ आणि कबरींच्या रांगा होत्या.

"याच्यातली माह्या पोराची कोणती, बाई?" कमरुन्निसाने विचारलं.

मॅडमचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. फोटो चार वर्षांपूर्वीचा होता. तेव्हा वसीम जिवंत होता.

"इथून दिसत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्या झाडापलीकडं असेल."

"झाड हाये ना? मंग सावली असन त्याले," असं म्हणत कमरुन्निसा खाली बसली आणि रडू लागली.

तास संपेपर्यंत मॅडमनी ते चित्र बदललं नाही.