बुधवारची लोटी

जीपचं दार उघडून रतिलालने आधी उजवा पाय खाली सोडला आणि मग गुडघा धरून डावा. पुढे कच्चा रस्ता फुटून दोन वाटा झाल्या होत्या. त्यातली झऱ्याकडे कुठली जाते, हे त्याला माहीत नव्हतं.

हे सांगायची सोय नव्हती. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं काढलेला आणि दर बुधवारी झऱ्यावर जाऊन येणारा माणूस म्हणून गावभर त्याचं नाव. मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेल्या छोटीबाई तर त्याच्याच भरवशावर ब्याऐंशीव्या वर्षी हा डोंगर बघायला निघाल्या होत्या.

"काका, कुठून?" गाडी चालवणाऱ्या नमनने विचारलं. छोटीबाईंचा हा नातू. कापडाचं दुकान आता तोच बघतो.

"डावीकडून," रतिलालने ठोकून दिलं.

गावाला पाणी पाजलं ते या झऱ्यानेच. सातपुड्याच्या उतारावरून लोखंडी पाइपातून सात मैल आपल्या अंगच्या ओढीने ते यायचं. ना मोटर, ना वीज. गावाच्या वेशीवरची दगडी टाकी छोटीबाईंच्या सासऱ्यांनी बांधून दिली होती. नऊ वर्षांपूर्वी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून नदीचं पाणी आलं आणि झऱ्याची लाइन बंद पडली. गेल्या आठवड्यात टाकीही पाडली. तेव्हा छोटीबाई एवढंच म्हणाल्या, की आता तरी मला झरा दाखवा.

त्या राजस्थानातल्या कोरड्या गावातून सतराव्या वर्षी या घरात आल्या. आपोआप वाहणारा नळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन्ही हात त्याखाली धरून उभ्याच राहिल्या होत्या म्हणे. पाणी कुठून येतं विचारलं, तर सासरे म्हणाले, डोंगरातून. पुढे घर, दुकानाच्या मागची खोली आणि देरासर, म्हणजे जैनांचं देऊळ, यापलीकडे त्यांना कुणी फारसं नेलं नाही.

जैनांच्या घरी पाणी गाळतात, आणि गाळण्याच्या कापडावर उरलेले बारीक जीव पुन्हा ज्या पाण्यातले त्याच पाण्यात सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. विहीर दारात असेल तर ठीक, नळाला आलेल्या पाण्याचं काय करणार? घरचे रोजची जिवाणी मागच्या हौदात सोडत. पण छोटीबाईंच्या मनाला ते लागायचं. टाकीवर नवीन लागलेल्या रतिलालला त्यांनी ओट्यावरून हाक मारली होती.

"रतिलालभाऊ, तुम्ही बुधवारे झरावर जातस ना? बुधवारनी जिवाणी तरी तेस्ना घर पोचाडी द्या."

आणि पितळी लोटी हातात दिली होती.

टाकीवरच्या माणसाने बुधवारी वर जायचं असं पालिकेत ठरलं होतं खरं. पण वर पालिकेचा राखणदार होताच, आणि चैत्राचं ऊन असं होतं की विचारू नका. रतिलालने लोटी टाकीतच ओतली. पाणी तेच तर आहे. दुपारी रिकामी लोटी द्यायला गेला, तर छोटीबाई दाराआड उभ्या.

"कसा शे झरा?"

गडबडून तो बोलून गेला, की उंबर आहे मोठा, आणि खाली एक मोर बसला होता, लंगडा. छोटीबाईंचा चेहरा असा उजळला की त्याला पुढच्या बुधवारीही मोर आणावाच लागला. मग काय, मोर दर बुधवारी यायला लागला. पावसात भिजायचा, उंबराखाली रुसायचा, एकदा तर साप घेऊन पळाला. रतिलालला स्वतःलाच ते सांगताना गोड वाटायचं. घरी दिवसभर त्याच्याशी कुणी इतकं मन लावून बोलत नव्हतं. लाइन बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी बुधवारी सकाळी तो अजून दाढी करतो.

अंदाज बरोबर निघाला. डावी वाट संपली तिथे एक म्हातारा बकऱ्या घेऊन उभा होता. रतिलालने मान वळवली. हा जामसिंग, झऱ्याचा जुना राखणदार. साऱ्या नोकरीत रतिलालने त्याला पालिकेत दोनतीनदा लांबून पाहिलं असेल. आता हा विचारणार, हा माणूस कोण.

जामसिंग त्याच्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करून सरळ जीपपाशी आला.

"शेठाणीबाई, आलात शेवटी."

"ऊनू रे बाबा," छोटीबाई म्हणाल्या आणि त्याचा हात धरून उतरल्या.

झरा दहा पावलांवर होता. कमरेएवढी दगडी भिंत, गंजलेली जाळी, आणि खडकाच्या फटीतून बोटभर धार. उंबर नव्हता. कधी असल्याची खूणही नव्हती. छोटीबाई भिंतीवर टेकल्या. नमन आणि जामसिंग पाइप कुठून जायचा ते बघत खाली उतरले.

रतिलालला आता गप्प राहवेना.

"भाभी, मी आठे कधी ऊनूच नई. तुम्हनी लोटी टाकीमाच रिकामी व्हये."

"टाकीमाच ना? मोरीमा तर नई?"

"नई. आईनी आन."

"मंग बरं." त्यांनी धारेखाली हात धरला. "माले माहीत शे. दुसराच महिनापाईन. जामसिंग दर सोमवारना बजारले दुकानवर ये. त्याले मी इचारं, बुधवारना माणूस येस का रे? तो म्हने, कोणता माणूस?"

रतिलालची कानशिलं गरम झाली. एकतीस वर्षं.

"मंग लोटी कसाले देत?"

"जामसिंगले झरा इचारा तर सांगे, पानी शे, दगड शे, भिंत शे. तेन्हामा आयकाना काय?" त्या हसल्या नाहीत. "मोर तुम्हना झरावर व्हता."

त्यांनी पिशवीतून लोटी काढली, गाळण्याचं कापड काढलं. धारेचं पाणी गाळून कापड उलटं केलं आणि त्यावर पाणी सोडून ते जीव तिथल्या तिथे डबक्यात उतरवले. हातभर अंतर. एवढ्याच कामाला त्या सात मैल आल्या होत्या. गाळलेलं पाणी अर्धं स्वतः प्यायल्या, अर्धं रतिलालच्या ओंजळीत ओतलं. मग भिंतीला पाठ लावून त्यांनी डोळे मिटले.

"आज बुधवार शे," त्या म्हणाल्या. "कसा शे तो?"

रतिलालने खडकाकडे पाहिलं. ओले हात धोतराला पुसले. गुडघा धरून हळूहळू तो खाली बसला, भिंतीच्या कडेला, जमिनीवर.

"शे ना. म्हतारा व्हई गया. आते वर उडता येस नई तेले," तो म्हणाला. "आठेच बठेल शे, तुम्हना बाजूले."

छोटीबाईंनी डोळे न उघडता, त्या बाजूला पसरलेला पदर जरा आवरून घेतला.