दगड मुरवताना

दीपमालाताईंनी भुकटीची गोणी उघडून दाखवली, तेव्हा नाशिकच्या पेठकडच्या एका पाड्यावरच्या बायका हसल्याच. "दगड खाऊन नागली वाढते व्हय?" बायकांच्या बचत गटाच्या सेंद्रिय शेतीचं काम ताईच पाहत. त्या म्हणाल्या, हा साधा दगड नाही, रॉक फॉस्फेट आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांची हाडं आहेत यात. तांबड्या मातीला मानवेल, पण सावकाश.

त्या बायकांतल्या भागीबाईने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण त्या दुपारी ओसरीत तिचा डोळा लागला आणि उतारावरचं तिचं वावर निळ्याशार पाण्याखाली गेलं. नागलीच्या कणसांमधून मासे निवांत फिरत होते. वरून एक होडी चालली होती आणि होडीत तिचा मुलगा सुनील पाठमोरा बसला होता. तिने हाक मारली, तर तोंडातून नुसते बुडबुडे. तेवढ्यात तिला जाग आली.

दिवाळी झाली की सुनील वणीकडच्या द्राक्षबागांत कामाला जाई, तो पार शिमग्याला परते. गेल्या साली बापाला माती द्यायलाही तो पोचला नव्हता. आपल्या वेळीही असंच होणार, हा एकच धसका आता भागीबाईला होता.

यंदा जाण्याआधी त्याने पुढच्या पेरणीसाठी दाणेदार रासायनिक खत आणून ठेवलं. "टाकलं की महिन्यात हिरवंगार. तुझा दगड तीन वर्षं झोपा काढंल."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! भागीबाईने ती गोणी परत पाठवली आणि भुकटी घेतली. भुकटी खड्ड्यात शेणाबरोबर मुरवायची, दर पंधरा दिवसांनी खड्डा खालीवर करायचा, तोही पावसाळ्यापर्यंत. खड्डा गटातल्या बायकांनी खणून भरून दिला. फावडं उचलायची ताकद तिच्या हातांत राहिली नव्हती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मुकादमाची पिकअप आली. वळकटी काखेत मारून निघालेला सुनील खड्ड्याशी थबकला.

"आये, हे खालीवर कोण करंल?"

ती पायाने खड्ड्याच्या कडेची माती आत सारू लागली.

"म्हंजे तुझ्यानं व्हायचं नाय, हे तुला ठाव होतं. जमिनीसाठी नाय घेतला तू हा दगड."

"जमिनीला बी लागतोच," भागीबाई म्हणाली. "पण तू नसताना मला मरायचं नाय रं."

हॉर्न वाजला. सुनीलने वळकटी खाली ठेवली नाही. तशीच काखेत धरून तो गाडीपाशी गेला आणि मुकादमाला म्हणाला, "माझी जागा दुसऱ्याला द्या. घरी काम हाय."